वहीवरच्या पट्ट्या

दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण आपणां सर्वांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेली आहे. वरच्या रूपास भुलूं नये, आंतील वस्तु पाहावी, हा उपदेश घरीं वडील माणसें करतात व शाळेंत गुरुजन करतात. आणि तो योग्यच आहे. फणसाची परीक्षा त्याच्या कांट्यांवरून करूं नये, आणि माणसाची तर कपड्यांवरून मुळींच करूं नये. परंतु ह्या उपदेशास एक लहानशी पुरवणी जोडण्याचें धाडस मी ह्या लेखांत करणार आहें. आंतील वस्तु कितीहि मोलाची असली, तरी दारावरची पाटी जर वाचतांच आली नाहीं, तर आंत जाणार कोण? पाटीचें रूप शोभेसाठीं नसून वाटेसाठीं असतें. आणि वाट दिसणें किंवा न दिसणें ही कांहीं क्षुल्लक गोष्ट नव्हे.

हें तत्त्व मला बावधनास आमच्या घरीं संगणकावर ठेवलेल्या एका वहीनें शिकविलें. ती वही कोणत्या जातीची, हें आधीं सांगितलें पाहिजे. कारण हें वार्षिक वाचणाऱ्या कित्येक पालकांचा तिच्याशीं परिचय नसण्याचा संभव आहे. इ. स. १९९५ च्या मार्च महिन्यांत वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन गृहस्थांनीं संगणकावर एक अशी पोथी उघडली, कीं जिचें कोणतेंहि पान वाचणाऱ्यास तेथल्या तेथें दुरुस्त करतां यावें, आणि एका शब्दावर बोट ठेवतांच दुसऱ्या पानावर जातां यावें. हवाई बेटांच्या भाषेंत ‘विकी’ म्हणजे लवकर. होनोलुलूच्या विमानतळावर उतारूंची ने-आण करणाऱ्या मोटारीस ‘विकी विकी’ म्हणत. तेंच नांव ह्या पोथीस मिळालें. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला, तो ह्याच कुळांतला. पण तो सार्वजनिक वाडा झाला. एकट्यादुकट्यास आपली खोली हवी असेल, तर तिचीहि सोय आहे. जेरेमी रस्टन ह्या इंग्रज गृहस्थांनीं इ. स. २००४ मध्यें ‘टिडलीविकी’ नांवाची खाजगी विकी तयार केली. ती सबंध एकाच फायलींत मावते. रिकामी असतांना तिचें वजन दोनअडीच मेगाबाइट, म्हणजे हल्लींच्या मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राइतकें. इंटरनेट नसलें तरी ती उघडते. तिच्यांतील प्रत्येक टिपणास ‘टिडलर’ म्हणतात. डबक्यांतल्या चिमुकल्या माशाचें हें इंग्रजी नांव. एक टिपण लहान असावें, आणि अशीं पुष्कळ टिपणें एकमेकांस जोडलेलीं असावीं, हा त्यांतील भाव.

ही वही मीं केली ती माझ्या आजीसाठीं. किंवा खरें म्हणजे तिच्यापाशीं असलेल्या धनासाठीं. आमचें बावधन मुळशी तालुक्यांतलें. खाटपेवाडीच्या बाजूनें येणारी राम नदी गांवाजवळून वाहते, आणि पुढें पाषाणावरून जाऊन मुळेस मिळते. आजीनें लहानपणीं पाहिलेलें बावधन आणि मी पाहतों तें बावधन, ह्यांच्यांत नदी आणि टेकड्या येवढेंच काय तें सामाईक उरलें आहे. इ. स. २०२१ मध्यें बावधन बुद्रुक पुण्याच्या महानगरपालिकेंत गेलें. चांदणी चौकांतला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून पाडला, आणि नवा उड्डाणपूल १२ ऑगस्ट २०२३ रोजीं रहदारीस खुला झाला. आजीस ह्याचें दुःख आहे असें नाहीं. नळाचें पाणी आणि दाराशीं दवाखाना तिला हवाच आहे. पण कोणत्या वावरास काय म्हणत, कोणत्या विहिरीचें पाणी चैत्र-वैशाखांत आटत नसे, जात्यावर बसल्यावर पहिली ओवी कोणाच्या नांवानें घालीत, हें सांगूं शकणारीं माणसें आतां आमच्या आळींत तीनच राहिलीं आहेत, असें ती बोटें मोडून सांगते. चौथें बोट ती उघडीत नाहीं.

ओव्यांचें धन केवढें मोठें असतें, हें आमच्याच तालुक्यानें दाखवून दिलें आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत मुळशी तालुक्यांतील बायकांनीं गाइलेल्या ओव्याहि आहेत. त्या मोठ्या कार्यापुढें माझी वही म्हणजे समुद्रापुढें ओंजळ. परंतु ओंजळींतील पाणी आपल्या घरचें असतें, हा तिचा गुण. आजी बोले, मी लिहून घेईं. पाहतां पाहतां दीडशेंवर टिपणें झालीं, आणि मग ती नेहमींची अडचण उभी राहिली: ठेवलें खरें, पण सांपडणार कसें?

पुण्यासारख्या ठिकाणीं राहणारास ह्या अडचणीचें महत्त्व सांगावयास नको. येथील पेशवे दफ्तरांतील मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेविलेले आहेत. त्यांतील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं इ. स. १९३० ते १९३४ ह्या काळांत पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले. डेक्कन कॉलेजांत इ. स. १९४८ मध्यें डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनीं संस्कृतच्या महाकोशाचें काम आरंभिलें; त्यासाठीं तेथें सुमारें एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. एक कोटी चिठ्ठ्यांमधून हवी ती चिठ्ठी हातीं लागते ती कशाच्या बळावर? खणांवरच्या खुणांच्या बळावर. खूण नसेल तर कोटी चिठ्ठ्या आणि कोटी वाळलेलीं पानें ह्यांत फरक तो काय राहिला?

संगणकावरच्या वहींत ह्या खुणांस ‘टॅब’ म्हणतात. पानाच्या माथ्यावर किंवा कडेस नांवांच्या लहान लहान पट्ट्या असतात. ज्या पट्टीवर बोट ठेवावें तो कप्पा उघडतो व बाकीचे मिटतात. मीं आजीच्या टिपणांचे पांच कप्पे केले: शेती, विहिरी, गुरें, देवी आणि ओवी. इंग्रजीकरितां कोणीं तरी बेतलेला एक ठरीव नमुना मला मिळाला होता, तो त्या पट्ट्यांस लावला. करड्या रंगाची फिकी पट्टी, तिच्यावर करडेंच पण किंचित् गडद अक्षर. दिसण्यांत मोठी सभ्य. मग मीं संगणक आजीपुढें ठेविला. आजी शाळेंत दुसरीपर्यंतच गेलेली. तिला वाचतां येतें, पण अक्षराला अक्षर लावून. शिवाय एका डोळ्याचा मोतीबिंदु काढलेला, दुसऱ्याचा काढावयाचा आहे. तिनें पुष्कळ वेळ पाहिलें, आणि म्हणाली,

“आरं बाळा, ह्यो आवा कुनाचा रं? आपल्यात कुंभारकाम कवा व्हतं?”

मला कांहीं उमजेना. मग तिनें पुढची पट्टी वाचली, “दवा. आन् ह्ये काय, गर? कशाचा गर, आंब्याचा?”

तेव्हां मीं डोळे पडद्याच्या जवळ नेऊन पाहिलें. आजीनें एकहि अक्षर चुकीचें वाचलें नव्हतें. पट्टीची उंची त्या नमुन्यांत इंग्रजी अक्षरांच्या मापानें ठरविलेली होती, आणि बाहेर जाईल तो भाग झांकून टाकण्याची आज्ञा होती. त्यामुळें शिरोरेघेवरचें सर्व कांहीं छाटलें गेलें होतें. ‘ओवी’ची मात्रा गेली, वेलांटीचा वळसा गेला, आणि खालीं उभे कानेच उरले, तो झाला ‘आवा’. ‘देवी’ची ‘दवा’ झाली. ‘गुरें’ ह्या शब्दाचें तर वरून मात्रा व अनुस्वार आणि खालून उकार असें दोन्हीकडून मुंडन होऊन ‘गर’ तेवढा राहिला. जी माणसें शब्द एका दृष्टिक्षेपांत ओळखतात, त्यांस ह्या छाटाछाटीचा पत्ताहि लागत नाहीं. त्यांचें मन गाळलेलें आपोआप भरून काढतें. अक्षर लावून वाचणारास मात्र जेवढें दिसेल तेवढेंच मिळतें.

ह्याचें कारण मीं शोधूं लागलों. इंग्रजी अक्षर एका मजल्याचें घर आहे. कोठें वर धुराडें, कोठें खालीं पायरी, इतकेंच. देवनागरीचें घर तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन, वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार, आणि तळघरांत उकार व ऋकार. छापखान्यांतल्या कारागिरांस ही गोष्ट फार पूर्वींपासून ठाऊक होती. शिशाच्या खिळ्यांच्या दिवसांत मराठी मजकूर जुळविणें हें इंग्रजीहून किती तरी अवघड काम असे. कारण वरचे व खालचे अवयव न मोडतां ओळींत बसवावे लागत. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम ह्यांनीं देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्याच छापखान्यांत पोरवयांत हलकें काम करूं लागलेले जावजी दादाजी पुढें स्वतः खिळे ओतूं लागले, आणि त्यांच्या निर्णयसागर छापखान्याचें नांव इ. स. १८६९ नंतर सर्व हिंदुस्थानांत झालें. त्या लोकांनीं अक्षराच्या डोक्यावरची जागा जपली, म्हणून आपल्या पणज्या-पणजोबांस पोथ्या वाचतां आल्या. आज शिसें गेलें आणि पडदा आला. पण डोक्यावरची जागा कोणीं तरी जपावी लागतेच.

ती जपण्याचें साधन म्हणजे ‘सीएसएस’. पानाच्या पेहरावाचे नियम लिहिण्याची ही भाषा आहे. हॉकोन व्यूम ली ह्या नॉर्वेच्या गृहस्थांनीं इ. स. १९९४ च्या ऑक्टोबरांत तिची कल्पना मांडली. बर्ट बॉस हे त्यांस मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजीं तिच्या पहिल्या पायरीस अधिकृत मान्यता मिळाली. तिच्या मुळाशीं एक सुंदर विचार आहे: मजकूर एका ठिकाणीं ठेवावा आणि त्याचें रूप दुसऱ्या ठिकाणीं. म्हणजे मजकुराच्या केसासहि धक्का न लावतां रूप बदलतां येतें. नाटकांत पात्राचा वेष बदलला तरी त्याचीं भाषणें नव्यानें लिहावीं लागत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार. आजीच्या शब्दांस हात न लावतां तिच्या डोळ्यांस सोसेल असें रूप त्यांस देतां येईल, हें कळल्यावर मला फार हलकें वाटलें.

कृति सोपी आहे. टिडलीविकींत एक नवें टिपण करावयाचें, त्यास ‘स्टाइलशीट’ ही ठराविक खूण लावावयाची, आणि त्यांत नियम लिहावयाचे. टिपण जतन होतांच सबंध वही नवा वेष घालते. प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात: कोणास, आणि काय. पट्ट्यांच्या समूहास टिडलीविकींत ‘टीसी टॅब बटन्स’ असें नांव आहे, आणि उघडलेल्या पट्टीस ‘टीसी टॅब सिलेक्टेड’. हें नांव आधीं लिहावें, मग महिरपी कंसांत आज्ञा लिहाव्या, आणि प्रत्येक आज्ञेच्या शेवटीं अर्धविराम द्यावा. अर्धविराम गळला कीं आज्ञा मुकी होते. व्याकरणाच्या तासास कंटाळणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मीं पहिली आज्ञा ही दिली, कीं पट्टीची ठरीव उंची रद्द व्हावी आणि ओळीची उंची अक्षराच्या १.७ पट असावी. तत्काळ मात्रा आणि वेलांट्या आपापल्या मजल्यावर परत आल्या. दुसऱ्या आज्ञेनें अक्षर सव्वापट केलें. तिसरीनें पट्टीच्या आंत चारी बाजूंनीं मोकळी जागा सोडली, कारण आजीचें बोट जाड आहे व थरथरतें. चौथ्या आज्ञेनें टंक बदलला. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा टंक विनामूल्य मिळतो. त्याचीं अक्षरें मोकळीं व ठसठशीत आहेत. पट्ट्या शेजारीं शेजारीं न ठेवतां एकाखालीं एक ठेवण्याचीहि सोय टिडलीविकींत मुळांतच आहे, तिचा उपयोग करतांच आजी म्हणाली, “आता कसं, फळीवरल्या डब्यावानी.”

रंगांचा प्रश्न मात्र तितका सोपा नव्हता. वाचण्यास सुलभ अशा पानांविषयीं जे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत, त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमि ह्यांच्या उजेडाचें प्रमाण साध्या अक्षरांकरितां निदान ४.५ ला १, आणि मोठ्या अक्षरांकरितां ३ ला १ असावें, असें सांगितलें आहे. दुसरा संकेत असा, कीं कोणतीहि गोष्ट केवळ रंगानें सांगूं नये. कारण कित्येकांस तांबडा आणि हिरवा हा भेद दिसत नाहीं. म्हणून मिटलेल्या पट्टीस दुधी रंग व काळें अक्षर, आणि उघडलेल्या पट्टीस गडद निळा रंग व पांढरें अक्षर दिलें. त्याशिवाय तिच्या खालीं एक जाड रेघ ओढली. म्हणजे रंग न दिसला तरी रेघ दिसावी. निळा रंग आजीनें निवडला. मीं कुंकवाचा तांबडा सुचविला होता, पण ती म्हणाली, “तांबडं डोळ्याला टोचतंय. विहिरीच्या पान्यावानी कर.”

नांवांविषयींहि एक गमतीचा प्रसंग आला. टिडलीविकींत एका शीर्षकाचें एकच टिपण असूं शकतें. आणि बावधनें तर महाराष्ट्रांत दोन आहेत! दुसरें बावधन सातारा जिल्ह्यांत वाईजवळ आहे. रंगपंचमीच्या दिवशीं तेथें निघणाऱ्या बगाडासाठीं तें प्रसिद्ध आहे. आजीची एक मावशी तिकडची असल्यामुळें दोन्ही गांवें वहींत येणें भाग होतें. ज्या वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोश सिद्ध होऊं लागला व इ. स. १९७६ मध्यें ज्याचा पहिला खंड निघाला, त्या वाईच्या शेजारच्या गांवास माझ्या लहानग्या कोशांत जागा नसावी, हें बरें दिसलें नसतें! उपाय सांपडला. शीर्षक ‘बावधन (मुळशी)’ असें कोशाच्या शिस्तीचें ठेवावें, आणि पट्टीवर दिसणारें नांव निराळें द्यावें. वहींत तशी तरतूद आहे. पट्टीवर काय लिहूं, असें विचारतां आजी म्हणाली, “आपलं गाव.” आणि दुसऱ्यावर? “मावशीचं गाव.” कोशकारांस हें वर्गीकरण कदाचित् मान्य होणार नाहीं, पण ज्याची वही त्याची परिभाषा.

ह्या सर्व उद्योगांत दोन रविवार गेले. माझें वर्ष दहावीचें. वडिलांनीं एकदां स्पष्टच विचारलें, “पट्ट्या रंगवून परीक्षेंत गुण मिळणार आहेत काय? मजकूर आहे ना? मग झालें.” त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. रंग आणि सावल्या ह्यांचा नाद असा आहे, कीं तास कसे जातात तें समजत नाहीं. पट्टीचे कोपरे गोल करावे, तिच्यावर झांक आणावी, बोट नेतांच ती सरकावी, अशा शेंकडों युक्त्या ह्या भाषेंत आहेत, आणि प्रत्येक युक्ति मनास ओढते. पण वडिलांस उत्तर मला द्यावें लागलें नाहीं. तें आजीनें दिलें.

त्याच संध्याकाळीं ती एकटीच संगणकापुढें बसली. तिनें ‘विहिरी’ ही पट्टी लावून वाचली, तिच्यावर बोट ठेविलें, आणि आंतील नांवें एकेक करून म्हटलीं. तोंवर मी विचारीं आणि ती सांगे, असा क्रम होता. माझे प्रश्न जेथें संपत, तेथें तिचें सांगणेंहि संपे. आतां आपल्या सांगण्याची यादी तिनें प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली. शेवटचें नांव वाचून ती थांबली व म्हणाली, “दोन ऱ्हायल्या की रं.” मग तिनें त्या दोन विहिरी सांगितल्या, एकीवर मोट कोणाची असे, दुसरीच्या पायऱ्या कशा होत्या, तें सांगितलें. त्यांतील एकीच्या जागीं आतां उंच इमारत आहे. आळींतल्या उरलेल्या दोन वृद्ध माणसांस आम्हीं त्या विहिरीविषयीं विचारलें. त्यांस ती आठवत होती, पण तिचें नांव आठवत नव्हतें. तें नांव आज जगांत एकाच ठिकाणीं लिहिलेलें आहे. वडील कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आपण होऊन फायलीची एक प्रत पेन-ड्राइव्हवर काढून कपाटांत ठेविली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येकांस ही विद्या माझ्याहून अधिक अवगत असेल. तुम्हांस माझी एकच विनंति आहे. एखादें रूप चांगलें कीं वाईट, हें आपल्या डोळ्यांनीं ठरवूं नका. ज्याच्यासाठीं पाटी लिहिली, त्याच्यापुढें ती ठेवा, आपण गप्प राहा, आणि त्यास मोठ्यानें वाचावयास सांगा. तो जेथें अडेल तेथें दुरुस्ति करा. तो जेथें अडत नाहीं तेथें कितीहि मोह झाला तरी हात आवरा. अलंकार आणि सोय ह्यांच्यांतील सीमा ह्या एका कसोटीनें बहुधा कळून येते. आणि पालकांसहि एक सांगावेंसें वाटतें: मुलगा पडद्यावर रंग बदलीत बसलेला दिसला, तर तो हें कोणासाठीं करीत आहे, तेवढें त्यास विचारावें. उत्तर ऐकून मग रागवावयाचें कीं नाहीं तें ठरवावें.

आजीच्या दुसऱ्या डोळ्याचें शस्त्रकर्म दिवाळीनंतर व्हावयाचें आहे. तें झाल्यावर अक्षर थोडें लहान केलें तरी चालेल, असें डॉक्टर म्हणतात. आजी मात्र म्हणते, ऱ्हाऊं दे तसंच. गुरांच्या कप्प्यांत अजून पुष्कळ सांगावयाचें आहे.